अठरा किलोपर्यंत

मिलिंदला सुट्टी नव्हती.
दोन मुलं, दोन विमानं, मी एकटी,
आणि नागपूरला पट्ट्यावरून सगळ्यात शेवटी आली ती कार-सीट,
उताणी, पट्टे हवेत.
‘माझी खुर्ची!’ संबोधी ओरडली,
तेव्हा पुढच्या माणसानं तिला वाट करून दिली.

प्रशिकनं कुणाची तरी बोलेरो मागून आणलेली.
मागच्या सीटला बेल्ट नाही.
फटीत हात घातला, शेंगदाण्याची टरफलं निघाली.
ओडेन्सला मी दुकानापर्यंत जातानाही
बकलाची टिचकी दोनदा ऐकते.
त्यानं मागून बैलाचं दावं काढलं,
दोन वेढे, एक गाठ:
‘ताई, ह्या गाठीतून गोऱ्हा सुटत नाही,
तुही पोट्टी कुठं जाते?’
बुटीबोरीपर्यंत गाठीवर हात ठेवून बसले.
मग जाम आलं (‘जाम म्हणजे ब्रेडवरचा?’ निर्भय म्हणाला),
मग हिंगणघाट, वणेचा पूल,
हात कुठं सुटला, आठवत नाही.

दीड महिना सीट ओसरीवर.
तिच्यात मांजर बसली, शेजारचा पोऱ्या बसला,
मुगवड्यांचं ताट बसलं,
एका दुपारी बाबाही बसून पाहत होते, कुणी नाही असं बघून.
संबोधी तिसऱ्या दिवसापासून ‘काहून?’ म्हणू लागली.
काहून बैल खाली बसते? काहून इथं दिवस एवढा मोठा?

सुगंधाकाकूला फोनवर फोटो दाखवला.
पाळणाघराच्या मागं, पत्र्याखाली ओळीनं बाबागाड्या,
आत झोपलेली लेकरं, बाहेर उणे दोन.
दाखवला आणि वाटलं, उगीच दाखवला.
पहिल्या हिवाळ्यात मी तिथल्या कुंपणाशी उभी राहून
बस चुकवली होती, तीनदा.
काकूनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ पाहिला.
‘कापूस येचाले जाओ तवा धुऱ्यावरच्या निंबाले
झोळी बांधून निजवाचो तुले. थंडीच राहे.
तुही माय एक तास झाला का येऊन नाकाले हात लावे.
हे बाई पाहाते का नाक?’
पाहते, म्हटलं. दर पंधरा मिनिटांनी. वहीत लिहिते.
‘मंग काय व.’

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा
शालिकच्या गोदामात, कापसाच्या काट्यावर.
तेवीस सातशे. तूरडाळ काढली.
आईनं माझ्याकडं पाहिलं. डाळ परत घातली, माझं स्वेटर काढलं.
तेवढ्यात संबोधी काट्यावर चढली.
शालिकनं सवयीनं, अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असं सांगितलं:
‘अठरा दोनशे!’
सगळे हसले. मी घरी येऊन सीट उलटी केली.
खालचं लेबल निर्भयनं आजोबांना वाचून दाखवलं,
आधी डॅनिशमध्ये, मग अडखळत मराठीत:
नऊ ते अठरा किलो.
बाबा म्हणाले, ‘म्हणजे हुरड्यानं घात केला.’

सीट राहिली.
जाताना संबोधी नुसती बसली, माझ्या मांडीला टेकून,
कुणी काही बांधलं नाही.

मार्चमध्ये प्रशिकचा फोटो आला.
ओडेन्सला बसमध्ये होतो, काचेवर गारा.
नानेश्वरचं कटिंगचं दुकान,
मोठ्या खुर्चीवर आमची सीट,
तिच्यात गळ्याला फडकं बांधलेलं एक पोरगं,
तोंड उघडं, अर्धं डोकं भादरलेलं.
मी दोन बोटांनी फोटो मोठा केला.
पोराला नाही. खाली, खुर्चीच्या पायाशी.
दावं तेच होतं. दोन वेढे.

संबोधीनं मान घातली मध्ये,
आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशी विचारती झाली,
‘आई, काहून रडून रायला थो?’